रविवारच्या पानावरची व्हिसा गॅरंटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण जाहिरातींबद्दल जे लिहिलंय ते कापू नका एवढीच विनंती.

तुमच्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर गेले बरेच महिने चौकटी येतायत. ‘युरोप टुरिस्ट व्हिसा १०० टक्के गॅरंटी’, ‘अमेरिका व्हिजिटर, रिजेक्टेड केसेस स्पेशालिस्ट’, ‘आयटी रिटर्न नसले तरी चालेल’, ‘पैसे व्हिसा लागल्यावरच’. आणि पानाच्या अगदी तळाला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा टायपात, की वाचकांनी स्वतः खात्री करून व्यवहार करावा, वृत्तपत्र जबाबदार राहणार नाही. अधूनमधून त्याच पेपरात पहिल्या पानावर बातमीही असते, परदेशी पाठवतो म्हणून लाखोंना गंडवलं, आरोपी फरार. म्हणजे बातमी पण तुमच्याकडेच आणि जाहिरात पण तुमच्याकडेच.

मी बँकेतून रिटायर झाले, सांगलीत राहते. रिटायर झाल्यापासून कॉलनीतल्या, नात्यातल्या, कुणाच्या तरी ओळखीने आलेल्या लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरून देते, पैसे घेत नाही, वेळ बरा जातो म्हणून करते. आमच्या भागातली पोरं पुण्याहून, बंगळूरहून अमेरिकेला, जर्मनीला गेलीत आणि मागे आईबाप आहेत, त्यांना इंग्रजी वाचता येतं पण स्क्रीनवर फॉर्म आला की घाम फुटतो. त्यामुळे तुमच्या त्या चौकटीतल्या नंबरवर फोन करून आलेली, पैसे देऊन बसलेली माणसं नंतर माझ्याकडे येतात आणि काय काय होतं ते मला बघायला मिळतं.

पहिली गोष्ट, गॅरंटी कुणी देऊच शकत नाही. व्हिसा द्यायचा की नाही हे त्या देशाच्या वकिलातीतला अधिकारी ठरवतो. आपण जिथे जाऊन फाइल देतो, बोटांचे ठसे देतो, त्या सेंटरलाही यात काही अधिकार नाही, ती कंत्राटावरची कंपनी असते, कागद घ्यायचे, फी घ्यायची, फाइल पुढे पाठवायची, पासपोर्ट परत आला की द्यायचा. तिथल्या काउंटरवरच्या मुलीला पण माहिती नसतं पाकिटात काय आहे. मग गल्लीतल्या एजंटला कुठून माहिती असणार? ‘आतमध्ये आपला माणूस आहे’ असं म्हणतो तेव्हा आत कुणीही नसतं.

आणि यातली गंमत अशी की गॅरंटीचा धंदा तोट्यात जाऊच शकत नाही. दहा जणांचे अर्ज टाकले तर तसंही आठ-नऊ जणांना व्हिसा मिळणारच असतो, एजंट असो नसो. युरोपसाठीच्या शेंगेन व्हिसाचे २०२४ चे आकडे जाहीर आहेत, भारतातून ११ लाखांवर अर्ज गेले आणि साधारण १ लाख ६५ हजार नाकारले, म्हणजे शंभरातले पंधरा. ज्यांना मिळाला ते एजंटचं नाव सांगत फिरतात आणि ज्यांना नाही मिळाला ते लाजेने गप्प बसतात, कारण आपल्याकडे व्हिसा रिजेक्ट होणं म्हणजे पोलिसांत नाव लागल्यासारखं वाटतं लोकांना.

अमेरिकेचं घ्या, आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच येतं. मुलीचं बाळंतपण आहे, आईला जायचंय, किंवा मुलाने घर घेतलंय, बघायला बोलावलंय. याला बी-१ बी-२ म्हणजे व्हिजिटर व्हिसा लागतो. फॉर्म डीएस-१६०, सरकारी साइटवर, फुकट. वीस मिनिटं हात लावला नाही तर पान बंद पडतं म्हणून सारखं सेव्ह करायचं आणि ॲप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेवायचा, बाकी त्यात अवघड काही नाही, वेळखाऊ आहे एवढंच. फी १८५ डॉलर, २०२३ च्या जूनच्या आधी १६० होती. आजच्या भावाने माणशी सोळा-सतरा हजार, आणि व्हिसा नाही मिळाला तरी परत मिळत नाहीत. मग दोन अपॉइंटमेंट, एक ठसे आणि फोटोची, दुसरी कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूची. महाराष्ट्रात इंटरव्ह्यू फक्त मुंबईत, बीकेसीला, पण देशात कुठल्याही कॉन्सुलेटची वेळ घेता येते, चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हैदराबाद जवळ पडतं, हे कुणी सांगत नाही.

इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांचा असतो. कशाला चाललात, तिकडे कोण आहे, तो काय करतो, किती दिवस, खर्च कोण करणार, तुम्ही इथे काय करता. मुंबईत मराठीत देता येतो. मी हे सांगितलं की आमच्या बायकांचा चेहरा बदलतो, कारण एजंटने त्यांना इंग्रजी वाक्यं पाठ करायला दिलेली असतात आणि त्या देवळात बसून ती घोकत असतात. फाइल तर बहुतेक वेळा अधिकारी मागतच नाही. घराचे कागद, एफडीच्या पावत्या, सोन्याचं व्हॅल्युएशन, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून एजंटने त्याचे वेगळे पैसे घेतलेले असतात आणि ते फोल्डर जसं नेलं तसं परत येतं. अमेरिकेचा कायदाच असा आहे की समोर आलेला प्रत्येक माणूस तिकडेच राहायला चाललाय असं आधी धरायचं आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. कलम २१४(बी). नाकारलं की त्याच कलमाचा छापील कागद हातात देतात. त्यावर अपील नाही, परत अर्ज करायचा तर परत नवी फी. त्यामुळे ‘रिजेक्टेड केस स्पेशालिस्ट’ करतो काय, तर तोच फॉर्म परत भरतो.

भरताना काय भरतो ते मात्र बघायला हवं. एका ओळखीच्या काकांना एजंटने सांगितलं की मुलगा तिकडे आहे हे लिहू नका, संशय येतो, नुसतं फिरायला चाललोय म्हणा. फॉर्ममध्ये स्पष्ट प्रश्न आहे की जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का, आहेत तर कुठल्या स्टेटसवर. तिथे ‘नाही’ लिहायचं म्हणजे सरळ खोटं, आणि ते सापडलं तर नुसता एक व्हिसा जात नाही, खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला म्हणून कायमची बंदी लागू शकते. नातू झाल्यावर तोंड बघायला पण जाता येणार नाही. आणि याच फॉर्ममध्ये शेवटाकडे आणखी एक प्रश्न असतो, हा फॉर्म भरायला कुणी मदत केली का, तिथे एजंट स्वतःचं नाव लिहीत नाही. कधीच. मी जेव्हा भरून देते तेव्हा माझं नाव आणि पत्ता लिहिते. गॅरंटी देणाऱ्याला तेवढंही जमत नाही, यावरून काय समजायचं ते समजा.

स्लॉटचा, म्हणजे इंटरव्ह्यूच्या तारखा विकायचा धंदा हे आणखी एक. २०२२ च्या शेवटी मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला इंटरव्ह्यूची तारीख हजार दिवसांच्या आसपास दाखवत होती, पावणेतीन वर्षं, तेव्हा हा धंदा फोफावला. नंतर कॉन्सुलेटने शनिवारी पण इंटरव्ह्यू घेतले, माणसं वाढवली, २०२३ मध्ये भारतात १४ लाख व्हिसांचं काम उरकलं, पण स्लॉट विकणारे राहिलेच. ते तुमचा लॉगिन पासवर्ड घेतात आणि सॉफ्टवेअर लावून तारीख पकडतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन दूतावासाने अशा बॉटने घेतलेल्या दोनेक हजार अपॉइंटमेंट रद्द केल्याचं जाहीर केलं. एजंट म्हणतो सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे, पैसे काही परत देत नाही.

२ सप्टेंबर २०२५ पासून म्हाताऱ्या माणसांना पण इंटरव्ह्यूला जावं लागतं, आधी ८० आणि त्यापुढच्या वयाच्यांना सूट होती ती काढली. तरी अजून ‘ज्येष्ठांना इंटरव्ह्यूशिवाय’ म्हणून पैसे घेणारे आहेत.

युरोपचं सगळं उलटं. तिथे माणसाला सहसा कुणी काही विचारत नाही, फाइलच बघतात. म्हणजे अमेरिकेला माणूस बघतात आणि कागद बघत नाहीत, शेंगेनला कागद बघतात आणि माणूस बघत नाहीत, आणि आमचे एजंट दोन्हीकडे एकच फाइल लावतात.

शेंगेन म्हणजे आता २९ देश, एका व्हिसावर सगळीकडे, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. फी ९० युरो, ११ जून २०२४ च्या आधी ८० होती, सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना नाही. वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज. लाउंजमध्ये बसवतो, एसएमएस पाठवतो, कुरिअर करतो, हे सगळं ऐच्छिक असतं, घेतलंच पाहिजे असं नाही आणि घेतलं म्हणून व्हिसाला काडीचा फायदा नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते पण आपल्या मनावर नाही, जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, सारखेच दिवस असतील तर जिथे आधी उतरणार तिकडे. एजंट काय करतो, ज्या देशाची तारीख लवकर मिळते त्या देशाचा अर्ज टाकतो, तिथे सहा दिवस हॉटेलचं खोटं बुकिंग दाखवतो आणि सांगतो की तुम्ही मग जा पॅरिसला, कोण बघतंय. वकिलातीतल्या माणसाचं रोजचं काम तेच आहे, हॉटेलला फोन केला की कळतं. तिकिटाचं पण तेच. व्हिसा यायच्या आधी तिकीट विकत घेऊ नका असं बऱ्याच वकिलाती स्वतः सांगतात, नुसतं रिझर्व्हेशन चालतं, पण रिझर्व्हेशन खरं असावं लागतं, फोटोशॉप केलेला पीएनआर नाही.

आता बँकेचं, हे मात्र मला नीट सांगू द्या कारण हे मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून बघितलंय. एजंट म्हणतो खात्यात पाच लाख दिसले पाहिजेत, तुमच्याकडे नसले तर मी घालतो. मग एक दिवस कुठल्यातरी तिसऱ्याच खात्यातून पैसे येतात, लगेच माणूस बॅलन्स सर्टिफिकेट मागायला दारात उभा, आणि पंधरा दिवसांनी पैसे आल्या वाटेने गेलेले. मधल्या काळाचं व्याज एजंटने आगाऊ कापून घेतलेलं असतं, ते पण महिन्याला शेकड्यात. आम्हाला ब्रँचमध्ये कळायचं पण सर्टिफिकेट नाकारता येत नाही, त्या तारखेला बॅलन्स होताच. पण वकिलात नुसतं सर्टिफिकेट बघत नाही, तीन महिन्यांचं, कधी सहा महिन्यांचं स्टेटमेंट बघते. पाच-सहा महिने बारा-पंधरा हजार हलतायत आणि शेवटच्या आठवड्यात एकदम पाच लाख, हे दुसरीतल्या पोराला पण दिसेल. महिन्याला वीस हजार पेन्शन येतेय, त्यातून दूध, लाइट बिल, औषधं जातायत, थोडं थोडं मागे पडतंय आणि शेजारी पाच वर्षांपूर्वीची एफडी आहे, हे स्टेटमेंट त्या उसन्या पाच लाखांपेक्षा कधीही बरं. मुलगा तिकडून खर्च करणार असेल तर तसं सरळ लिहावं, त्याचं पत्र आणि त्याच्या पगाराची स्लिप लावावी. त्यात लपवायचं काय आहे?

याहून वाईट प्रकार शेतकऱ्यांच्या बाबतीत होतो. तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार आहेत, नाव लिहीत नाही. दरवर्षी माल युरोपला जातो. बर्लिनला फेब्रुवारीत फ्रूट लॉजिस्टिका म्हणून फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे त्यांना जायचं होतं, खरेदीदाराने बोलावलेलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयटी रिटर्न कधी भरलेलेच नाहीत, यात बेकायदेशीर काही नाही. पण एजंटच्या यादीत ‘तीन वर्षांचे रिटर्न’ लिहिलेलं, मग त्याने काय करावं, तर यांना एका ट्रेडिंग फर्ममध्ये पार्टनर करून टाकलं, मागचे रिटर्न ‘बनवले’, व्हिजिटिंग कार्ड छापलं. निकाल काय लागायचा तो लागला, ठरलेल्या छापील फॉर्मवर दोन ठिकाणी टिकमार्क, प्रवासाच्या कारणाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, आणि मुदतीत परत जाल याबद्दल शंका.

मला यात राग कशाचा आला सांगते. या माणसाकडे खरे कागद असे होते की कुठल्याही फर्मच्या पार्टनरकडे नसतील. सातबारा, आठ-अ, तो पण डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो, इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्यायचं. बँकेत निर्यातदाराकडून दर हंगामात आलेले पैसे. आणि ग्रेपनेटची नोंदणी. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ही व्यवस्था आहे, प्रत्येक प्लॉटला नंबर असतो, लॅबमध्ये औषधांच्या अंशाची तपासणी होते, तिकडच्या दुकानातल्या पेटीवरून मागे मागे येत हे द्राक्ष कुणाच्या बागेतलं ते शोधता येतं. म्हणजे ज्या युरोपकडे त्यांच्या बागेचा नंबर आहे त्याच युरोपपुढे एजंटने त्यांना भलताच व्यापारी म्हणून उभं केलं, आणि त्याचे पन्नास हजार घेतले!

पुढच्या वेळी खरे कागद लावले, एक पानाचं पत्र लिहिलं की मी शेतकरी आहे, रिटर्न का नाहीत, मागच्या वेळी काय झालं तेही लिहिलं. व्हिसा आला, मोजून प्रदर्शनापुरता. पण खरे कागद लावले की व्हिसा येतोच असं मी अजिबात म्हणणार नाही, माझ्या हातच्या स्वच्छ फाइली पण परत आल्यात आणि का आल्या ते मला आजही कळलेलं नाही. अशा वेळी कारण लेखी मिळतं आणि त्याविरुद्ध दाद मागायचा हक्क पण असतो, फक्त तो त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे. जर्मनीची जुनी सोय होती की वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली, आता एक तर नवा अर्ज नाही तर बर्लिनच्या कोर्टात जा. तरीसुद्धा ‘जर्मनी अपील करून देतो’ म्हणणारा एक जण तुमच्याच पानावर आहे, बघा तपासून.

आणि सरळ वाटेने जाणाऱ्याला फायदा पण असतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी नियम सोपा केला, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा रीतसर वापरले की पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे परत परत जाता येणारा व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. ही बातमी आमच्याकडे किती जणांना माहिती आहे? ज्या काकूंची मुलगी म्युनिकला आहे आणि ज्या दर उन्हाळ्यात नव्याने फाइल करतात त्यांना माहिती नव्हती. एजंट सांगणार नाही, त्याची दर वर्षाची कमाई जाते.

सगळेच एजंट चोर असतात असं नाही. आमच्याच गावात एक जण आहे, फॉर्म टाइप करायचे ठरलेले पैसे घेतो, पावती देतो आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो की मिळेल न मिळेल माहिती नाही. त्याची जाहिरात तुमच्या पानावर कधी दिसली नाही. ‘माहिती नाही’ अशी जाहिरात कोण करणार.

टुरिस्टचं एवढं, पण त्याच पानावर ‘दुबई, कुवेत, डायरेक्ट जॉब, व्हिजिट व्हिसावर चला, तिथे परमिट करून देतो’ हे पण असतं. परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली एजंटची नोंदणी लागते, त्याचा लायसन नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येतो, आणि कामगाराकडून तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. तुमच्या जाहिरातींत कुणाचाच लायसन नंबर नसतो, मी भिंग लावून बघितलंय. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे, पकडला गेला की पोरगा आत आणि एजंटचा फोन बंद. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने बेड्या घालून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, त्यात तीन महाराष्ट्रातले होते. बहुतेक गुजरात, हरियाणा, पंजाबचे म्हणून आपण सुटलो असं समजायचं कारण नाही. थायलंडला व्हिसा लागत नाही म्हणून डेटा एंट्रीच्या नोकरीला नेलेली आपल्याकडची पोरं म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकली, त्याच्या बातम्या तुम्हीच दिल्यात.

पंजाबने २०१२ मध्येच याच्यासाठी कायदा केला, तिथे ट्रॅव्हल एजंट असो, व्हिसा कन्सल्टंट असो, लायसन घ्यावं लागतं. त्याने तिथली फसवणूक थांबली असं नाही, पण निदान कुणाकडे लायसन आहे कुणाकडे नाही हे विचारता येतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. शॉप ॲक्टची पाटी लावली, भिंतीवर आयफेल टॉवरचा फोटो लावला की झाला कन्सल्टंट. आमदारांना पत्र लिहिलंय, पोच पण आली नाही, असो.

कायदा होईल तेव्हा होईल. तुम्हाला मात्र कायद्याची वाट बघायची गरज नाही. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत म्हटलंय की पेपरात छापून येणाऱ्या सगळ्या मजकुराची जबाबदारी संपादकाची, त्यात जाहिराती पण आल्या. जबाबदारी नाकारायची असेल तर तसं आधी स्पष्ट सांगायचं, हे पण म्हटलंय, आणि म्हणूनच ती तळाची बारीक ओळ तुम्ही छापता, कळतं मला. पण ज्या सत्तर वर्षांच्या माणसाने तुमचा पेपर आयुष्यभर घेतला तो ती ओळ वाचत नाही हो, तो म्हणतो ‘पेपरात आलंय’. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच सांगितलंय, पेपरात होतं म्हणून फोन केला.

जाहिरातींचं उत्पन्न बुडवा असं मी म्हणत नाही, पेपर कशावर चालतो ते मलाही माहिती आहे, कागदाचा भाव पण माहिती आहे. दोनच गोष्टी करा. व्हिसाच्या जाहिरातीत ‘गॅरंटी’, ‘१०० टक्के’, ‘रिटर्न नसले तरी’ हे शब्द घेऊ नका, आणि परदेशी नोकरीच्या जाहिरातीत लायसन नंबर नसेल तर ती घेऊच नका. लग्नाच्या जाहिरातीत हुंड्याची मागणी कुणी पाठवली तर तुम्ही छापत नाही ना, मग इथे काउंटरवरच्या माणसाला तेवढं सांगायला काय हरकत आहे.

आणि त्याच पानावर, दुसरीकडे नको, त्याच पानावर एक छोटी चौकट टाका. फॉर्म कुठे फुकट मिळतो, सरकारी फी किती, फी परत मिळत नाही, मुंबईत इंटरव्ह्यू मराठीत देता येतो, खोट्या माहितीने कायमची बंदी लागू शकते, नोकरीचा एजंट कुठल्या पोर्टलवर तपासायचा. मजकूर मी टाइप करून पाठवते, दर तीन महिन्यांनी नव्या फीप्रमाणे बदलूनही देते, कारण या फी सारख्या बदलतात. मानधन नको. अंकाची एक प्रत ज्यादा पाठवलीत तर बरं होईल, आमच्या वाचनालयात लावते.

आपली,
एक जुनी वर्गणीदार
विश्रामबाग, सांगली

(नाव आणि फोन नंबर सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, कृपया छापू नये.)